हाडांची गोळी लागू पडतेय का, हे चार महिन्यांत कसं कळणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ६८ वर्षांची, मालवणजवळच्या गावात राहते. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायरीवरून घसरून मनगट मोडलं, डेक्सात, म्हणजे हाडाची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोअर उणे २.९ आला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालेली. हाडांची झीज रोखणाऱ्या अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची आठवड्याची गोळी सुरू होऊन चार महिने झाले. आता डॉक्टरांनी सीटीएक्स ही रक्ताची तपासणी लिहून दिलीय. त्यापेक्षा डेक्साच परत का करू नये?

मी रत्नागिरीला लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त घेणाऱ्याच्या बाजूने सांगते.

आत्ता डेक्सा केलीत तर पैसे वाया जातील. हाडाची घनता फार सावकाश बदलते. फरक खात्रीने दिसायला वर्ष-दोन वर्षं लागतात. सीटीएक्स म्हणजे हाड झिजताना रक्तात उतरणारे कोलॅजेनचे तुकडे. गोळी लागू पडली की ते तीन महिन्यांतच चांगले कमी होतात. ऑस्टिओपोरोसिस आहे की नाही, हे मात्र या तपासणीवरून ठरत नाही.

खरी गोची रक्त कधी दिलं यात असते. सीटीएक्स पहाटे सगळ्यात जास्त असतं, दिवस वर येईल तसं उतरतं आणि पोटात काही गेलं की आणखी उतरतं. आपल्याकडे माणूस सकाळी पेज पिऊन एसटीत बसतो आणि अकरा-साडेअकराला लॅबमध्ये पोचतो. मग आकडा कमी येतो आणि गोळीला यश आलं असं वाटतं! म्हणून रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी, चहासुद्धा नको, आणि रक्त सकाळी दहाच्या आत. दरवेळी लॅब तीच ठेवा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटा कमी दिसतो.

गोळीआधीचा आकडा आहे का? असेल तर सोबत न्या, तुलनेला तोच हवा. नसेल तर रिपोर्टवर नुसतं ‘नॉर्मल’ बघून खूश होऊ नका. पाळी गेलेल्या बायकांसाठी छापलेली मर्यादा खूप रुंद असते. मनगट मोडल्याचंही डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण हाड सांधताना हे आकडे कित्येक महिने चढे राहतात.

आणि आकडा उतरला नाही तर औषध बदलण्याआधी आई गोळी कशी घेते ते बघा. आमच्याकडे एक आजी यायच्या, आकडा हलतच नव्हता. विचारल्यावर कळलं, गोळी दुधाच्या चहाबरोबर, कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात, आणि मग परत आडवं व्हायचं. हे औषध उपाशीपोटी घेतलं तरी जेमतेम एक टक्कासुद्धा अंगी लागत नाही, चहा-कॅल्शियमबरोबर तर काहीच उरत नाही. उठल्यावर पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग निदान अर्धा तास खायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर द्या. आजींनी हे पाळलं आणि पुढच्या तपासणीत आकडा निम्म्याच्याही खाली आला, गोळी तीच होती.