शंभर वर्षं जुना म्हणून विकलेला डान मुखवटा खरा आहे का, आणि तो घरात ठेवावा का?

तुमच्या भावाने पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधल्या अबिदजानहून लाकडी मुखवटा आणलाय. काळाभोर, गुळगुळीत, डोळ्यांच्या जागी बारीक चिरा, हनुवटी निमुळती. विकणाऱ्याने तो डान लोकांचा आणि शंभर वर्षं जुना असल्याचं सांगितलं. तुम्ही विचारलंय की तो खरा आहे का, त्याचा अर्थ काय, आणि तुमच्या आईंना वाटतं तसं तो घरात टांगणं अशुभ आहे का.

शंभर वर्षं जुना असण्याची शक्यता फारच कमी. अशुभ मुळीच नाही. अर्थाचं मात्र दोन ओळींत सांगता येत नाही, म्हणून उत्तर लांबलंय.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. कच्च्या काजूच्या खरेदीसाठी आयव्हरी कोस्टमध्ये बरीच वर्षं राहिलो. आपल्याकडच्या कारखान्यांत फोडला जाणारा बराचसा काजू तिथूनच येतो. काजूचा मुलूख उत्तरेकडे आणि डान लोकांचा मुलूख पश्चिमेला, अबिदजानपासून सुमारे ६०० किलोमीटरवर. त्यामुळे कामानिमित्त तिकडे जायची कधी गरज पडली नाही, मी हौसेने जात राहिलो. मान, दानाने, बियांकुमा ही तिथली गावं. डोंगर, दाट झाडी, भात, कॉफी, कोको. सरहद्दीपलीकडे लायबेरियाच्या निंबा परगण्यातही हेच लोक राहतात. आयव्हरी कोस्टमध्ये त्यांना याकुबा म्हणतात, लायबेरियात गिओ. संग्रहालयात वा लिलावाच्या यादीत ही तीन नावं वेगवेगळी दिसली तरी माणसं एकच.

आता मुख्य गोष्ट. डान लोकांच्या लेखी तुमच्या हातातलं लाकूड म्हणजे पूर्ण मुखवटा नव्हे. पूर्ण असतो तो ग्ले. ग्ले हे रानातलं एक सत्त्व. त्याला माणसांत यायचं असतं, गावाच्या कामी पडायचं असतं, पण त्याला देह नसतो. म्हणून ते एखाद्या माणसाच्या स्वप्नात येतं आणि आपल्याला कसं रूप हवंय ते सांगतं: चेहरा कसा, डोक्यावर काय, अंगावर राफिया ताडाच्या तंतूंचा घोळदार घागरा कसा, बरोबर कुठला ताल, कुठलं गाणं. स्वप्न पडलेला माणूस ते गावच्या वडीलधाऱ्यांपुढे मांडतो. त्यांनी मान्य केलं तरच सुताराला काम सांगितलं जातं. पुढे ग्ले गावात येतो तो वादक, गाणारे आणि त्याचं बोलणं गावाला समजावून सांगणारा दुभाषा यांच्यासह. आत कोण आहे याची चर्चा कोणी करत नाही. ग्ले आलाय, एवढंच.

आपल्या रत्नागिरीकडे शिमग्यात पालखीत देवाची रूपं लागतात. त्यातला एक चांदीचा मुखवटा पालखी, ढोल, मानकरी, गुरव या सगळ्यांपासून वेगळा काढून मुंबईत काचेच्या पेटीत ठेवला, तर बघणाऱ्याला जेवढं कळेल तेवढंच भिंतीवरच्या लाकडातून ग्लेविषयी कळतं.

आणि लाकडी चेहरा हवाच असंही नाही. मानच्या वर डोंगरातल्या एका गावात मी उंच काठ्यांवर चालणारा ग्ले पाहिला. घरांच्या छपरांपेक्षा उंच, तिथून तो गिरक्या घेत होता, मागे वाकत होता, आणि त्याचा चेहरा होता काळ्या कापडाचा. लाकडाचा तुकडाही नाही. शेजारी उभ्या म्हाताऱ्या बाईने माझा दंड धरून मला मागे ओढलं, कारण त्याच्या वाटेत आपण यायचं नसतं. काही ग्ले तर दिसतच नाहीत. रात्री नुसता आवाज येतो आणि लोक घरातून तो ऐकतात. युरोपियन संग्राहकांनी गोळा केलं ते अर्थातच जे हातात धरता येतं आणि खोक्यात भरता येतं ते. म्हणून जगाला डान म्हटलं की लाकडी चेहरेच आठवतात.

ग्ले शोभेसाठी नसतो, त्याला काम असतं. मला सगळ्यांत आवडतो तो आगीवर नजर ठेवणारा, झाकपई ग्ले. कोरड्या दिवसांत सहाराकडून हर्माटान वारा सुटतो, सगळं कुरकुरीत वाळतं. गवताच्या छपरांच्या गावात दुपारी वारा उठला आणि एका चुलीतली ठिणगी उडाली की गाव गेलंच. म्हणून वारा उठायच्या आत हा ग्ले घरोघर धावतो. ज्या बाईची चूल पेटलेली दिसेल तिच्याकडून तो दंड वसूल करतो, भांडं उलथून टाकतो, छडीचा फटकाही देतो. त्याच्या चेहऱ्यावर लाल कापड आणि डोळे मोठे गोल, कारण आतल्या माणसाला पळताना नीट दिसायला हवं.

गोल डोळ्यांचा दुसरा म्हणजे गुन्ये ग्ले, शर्यतीचा. बिनमुखवट्याचा तरुण पुढे पळतो, ग्ले त्याच्यामागे. गाठलं तर ग्ले पुढच्या गड्याला आव्हान देतो. नाही गाठलं तर मुखवटा त्या जिंकलेल्या तरुणाकडे जातो आणि आता पळवायची पाळी त्याची. गावोगावच्या लढाया होत्या त्या काळी पोरांचे पाय आणि दम तयार ठेवायची ही रीत होती. याखेरीज लढाईला चेतवणारे आहेत, नाचून-गाऊन करमणूक करणारे आहेत, आकडीची काठी घेऊन धुमाकूळ घालणारे आहेत. सगळ्यांत वरचे ते न्याय करणारे. दोन गावांतली भांडणं त्यांच्यापुढे मिटतात आणि त्यांच्या शब्दाला मुखियाही ओलांडत नाही.

तुमच्या वर्णनावरून तुमचा मुखवटा देआंग्लेच्या घडणीचा दिसतो. देआंग्ले सौम्य, स्त्रीरूप. (घालणारा पुरुषच, मुखवटे घालणं हे तिथं पुरुषांचंच काम.) सुंता होऊन रानातल्या तळावर राहिलेल्या मुलांसाठी तो गावात येतो, बायकांशी गोड बोलून, त्यांची थट्टा करून जेवण मागून नेतो. आयांना आपली मुलं भेटत नसतात, त्यांची खुशाली या चेहऱ्यातून कळते. मिटल्यासारखे डोळे, किंचित उघडे भरीव ओठ, कपाळावरून उतरणारी उभी रेघ, कधी डोळ्यांवरून पांढऱ्या मातीचा पट्टा. बाईचा चेहरा सुंदर म्हणजे कसा, याची डान लोकांची कल्पना त्यात उतरलेली असते.

‘घडणीचा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. बारीक डोळे म्हणजे देआंग्ले आणि गोल डोळे म्हणजे शर्यतीचा, असं दुकानदार आणि कधीकधी संग्रहालयंही छातीठोकपणे लिहितात. पण ग्लेची आयुष्यभरात बढती होते. आज नुसता नाचणारा ग्ले, पुढच्या पिढीत त्याच्या घराण्याचं वजन वाढलं, त्याच्या हातून काही मोठं घडलं, तर न्याय करणारा होऊ शकतो. लाकूड तेच राहतं, डोक्यावरचा साज आणि मान बदलतो. म्हणून नुसता चेहरा पाहून त्याचं काम ठामपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

जुनेपणाचं बघायचं तर मुखवटा उलटा करा. पुढची बाजू कोणालाही फसवता येते. आतून पाहा: खरंच घातलेल्या लाकडावर कपाळ, नाकाचा कणा, गाल टेकतात तिथंच घासून आणि घामाने गुळगुळीत चमक येते, बाकी भाग खरखरीत राहतो. कडेने भोकं असतात, त्यांतून घागऱ्याचं आणि डोक्यावरचं कापड ओवलेलं असतं. वापरात असलेल्या भोकांच्या कडा दोरीने झिजून एका बाजूला ओढल्यासारख्या होतात. आतला भाग सगळीकडे सारखाच काळा असेल, भोकांच्या कडा धारदार असतील, किंवा डोळ्यांतून काही दिसतच नसेल, तर तो घालण्यासाठी केलेलाच नाही. जमिनीत पुरून, धुरात टांगून, बूटपॉलिश घासून, वाळवीपुढे ठेवून महिन्याभरात शंभर वर्षांचं म्हातारपण आणण्याची कला पश्चिम आफ्रिकेच्या बाजारात चांगली मुरलेली आहे. ‘आजोबांच्या घरातला आहे’ ही गोष्ट वस्तूबरोबर मिळतेच.

खरोखर जुने होते त्यांपैकी पुष्कळसे फार आधीच बाहेर गेलेत. लायबेरियातल्या गांटा गावात १९२० च्या दशकापासून जॉर्ज हार्ली नावाचा अमेरिकन मिशनरी डॉक्टर होता. त्याने डान आणि त्यांच्या शेजारच्या मानो लोकांकडून शेकडो मुखवटे मिळवले, त्यांतले बरेच हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात आहेत. त्याच्या लिखाणामुळे मुखवटा आणि गावचा कारभार यांचा संबंध बाहेरच्या जगाला कळला, पण एका माणसाच्या हातून इतकं काही गावांबाहेर जावं याचं मला वाईटच वाटतं. नंतर आली लायबेरियातली लढाई. २४ डिसेंबर १९८९ ला बंडखोर नेता चार्ल्स टेलरची माणसं आयव्हरी कोस्टमधून निंबामध्ये घुसली. सरकारी फौजेने गिओ आणि मानो लोकांना शत्रू ठरवून गावंच्या गावं जाळली, लाखो माणसं सरहद्द ओलांडून पळाली. पुढे आयव्हरी कोस्टमध्येही यादवी पेटली आणि नोव्हेंबर २००२ मध्ये खुद्द मान शहर तिथल्या बंडखोरांच्या हाती गेलं. अशा काळानंतर ‘खूप जुना, खूप वापरलेला’ मुखवटा बाजारात दिसला, तर तो घराबाहेर कसा पडला हे मी आधी विचारतो आणि उत्तर पटलं नाही तर हात लावत नाही.

तुम्ही ओघात पिकासोचंही विचारलंय. त्याच्याकडे आफ्रिकी मुखवटे होते, पण ज्यांचा त्याच्या १९१२ च्या ‘गिटार’ या शिल्पाशी संबंध जोडला जातो ते ग्रेबो लोकांचे, नळकांड्यासारखे बाहेर आलेले डोळे असलेले. आणि पाय दिसू नयेत इतक्या वेगाने नाचणाऱ्या रंगीत मुखवट्याचा व्हिडिओ तुमच्या मोबाईलवर आला असेल तर तो झावलीचा, शेजारच्या गुरो लोकांचा. युनेस्कोने २०१७ मध्ये त्याची वारसा यादीत नोंद केली. डानच्या नावावर हे दोन्ही सर्रास खपवलं जातं.

आता आईंची शंका. विकण्यासाठी केलेल्या मुखवट्यामागे कोणाचं स्वप्न नसतं, वडीलधाऱ्यांची संमती नसते, त्याच्यापुढे कधी काही अर्पण झालेलं नसतं. डान माणसाच्या हिशेबानेच त्यात कोणी नाही. मान शहरातल्या सुतारांच्या घरी असे डझनभर चेहरे दारात वाळत पडलेले असतात आणि मुलं त्यांच्यात खेळतात. आईंना हे सांगा, त्यांचं मन निवेल. जपावं लागतं ते तळहातात मावणाऱ्या छोट्या मुखवट्यांना. बाजारात त्यांना ‘पासपोर्ट मुखवटा’ म्हणतात, हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. तो माणसाचा स्वतःचा राखणदार असतो; त्याला गुंडाळून जवळ ठेवतात, तेल लावतात, घास भरवतात, त्याच्याशी बोलतात. असा खरा वापरलेला कोणी तुम्हाला विकायला आणला तर घेऊ नका, असंच मी सांगेन.

टांगायचा तर दिवाणखान्यात खुशाल टांगा, फक्त बाहेरच्या भिंतीवर नको. पावसाळ्यात ती ओल धरते आणि लाकडाला बुरशी येते. भिंत आणि लाकूड यांत बोटभर फट राहील असं अडकवा. खाली बारीक पिवळट भुसा पडू लागला तर आत भुंगेरे आहेत. कीटकनाशक फवारू नका, रंग जाईल. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, मग पिशवी न उघडता दिवसभर बाहेर ठेवा आणि मगच उघडा. संग्रहालयंही असंच करतात. तेल, व्हार्निश काहीही नको. कोरडा मऊ ब्रश पुरे.

भाऊ पुन्हा तिकडे जाणार असेल तर त्याला जुनं शोधायला सांगू नका, करणाऱ्याचं नाव विचारायला सांगा. आफ्रिकी शिल्पांखाली ‘कलाकार अज्ञात’ लिहायची खोड जगाला लागली ती कोणी विचारलं नाही म्हणून. हान्स हिमेलहेबर या जर्मन अभ्यासकाने विचारलं, तेव्हा डान मुलखात सुतारांची नावं, गुरू, शिष्य सगळं लोकांना तोंडपाठ होतं. बेलेवाले गावचा झ्लान हा सुतार तर इतका नावाजलेला की दूरच्या गावांतून त्याला बोलावणं यायचं. गावात सगळ्यांत उदार, पाहुण्यांना पोटभर जेवू घालणाऱ्या बाईला मानाचा म्हणून देतात तो मोठा कोरीव लाकडी चमचाही त्याच्या हातचा असणं हे भूषण होतं. आजही मान आणि दानानेच्या आसपास हे काम करणारे आहेत. त्यांच्याकडून घेतलेला नवा मुखवटा नवा म्हणूनच मिळतो, पैसे करणाऱ्याच्या हातात जातात, आणि मागच्या बाजूला पेन्सिलने त्याचं नाव, गाव आणि साल लिहून ठेवता येतं.