एलएनजी आयात टर्मिनलच्या सुरक्षा अहवालावर कितपत विसंबावे?

प्रस्तावित टर्मिनलच्या सुरक्षा अहवालात ‘धोक्याचे क्षेत्र आवाराच्या हद्दीतच राहते’ असे लिहिले असेल, तर ते मान्य करावे का, असे आपण विचारले आहे. असे अहवाल वाचताना मी निष्कर्षाआधी गृहीतके पाहतो: गळती किती मोठी धरली आहे आणि ती किती मिनिटांत बंद होईल असे मानले आहे.

एलएनजी, म्हणजे थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू, सुमारे उणे १६२ अंश सेल्सिअस तापमानाला, जवळजवळ वातावरणाच्याच दाबाखाली साठवला जात असल्याने टाकी बॉम्बसारखी फुटेल ही भीती बहुधा अनाठायी असते. खरी काळजी सांडलेल्या द्रवातून उठणाऱ्या बाष्पाची आहे. एलएनजीतील मुख्य वायू मिथेन एरवी हवेपेक्षा हलका असला, तरी इतका थंड असताना तो जड असतो, त्यामुळे त्याचा ढग जमिनीलगत सरकत जातो आणि हवेतील त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असेल तेथे ठिणगी मिळताच पेटतो. अमेरिकी नियम ढगाचे अंतर २.५ टक्क्यांपर्यंत मोजायला लावतात, कारण सरासरी प्रमाण कमी दिसले तरी ढगात मधूनमधून दाट झोत असतात. हे गणित मंद वारा आणि स्थिर हवा धरून केले आहे का, हे अवश्य पाहावे. जोराच्या वाऱ्यात ढग लवकर विरळ होतो आणि अंतर सोयीस्करपणे कमी भरते.

अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे १९४४ साली एलएनजीची टाकी फुटून सव्वाशेहून अधिक माणसे दगावली. त्या टाकीच्या पोलादात निकेल ३.५ टक्केच होते आणि इतक्या थंडीत ते ठिसूळ होते. आज आतल्या टाकीसाठी सहसा ९ टक्के निकेलचे पोलाद वापरतात. मात्र तेथे द्रव गटारांत उतरून आग दूरवर पोहोचली होती, म्हणून सांडलेला द्रव कोठे वाहत जाईल याचा नकाशा मी आवर्जून शोधतो.

आयात टर्मिनलला आणखी एक प्रश्न असतो. वेगवेगळ्या घनतेचे माल एकाच टाकीत थरांनी साचले आणि ते थर अचानक मिसळले, तर बाष्प एकदम उसळते. इटलीतील ला स्पेझिया येथे १९७१ साली असेच घडले, सुदैवाने ते पेटले नाही.

शेवटी जहाज. जमिनीवर टाकीभोवती बांध असतो, पाण्यावर नसतो. अमेरिकेच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००४ च्या अहवालाने पाण्यावरील मोठ्या गळतीचे सर्वांत गंभीर परिणाम साधारण ५०० मीटरच्या आत मानले असून, १६०० मीटरपर्यंतच्या परिसराचाही विचार केला आहे. आपल्यासमोरचा अहवाल जेट्टीपाशीच थांबत असेल, तर ‘हद्दीतच’ या शब्दाचा अर्थ लेखी विचारावा आणि गणितात वापरलेली मूळ आकडेवारीही मागावी.