सराफ्यात रात्रीचे फोटो काढायचेत? मग हे कर

अरे ऑटो मोडमधून बाहेर ये आधी, पण एकदम मॅन्युअलवर उडी नको, डायल एस किंवा टीव्हीवर (कॅमेऱ्यावर S किंवा Tv लिहिलेलं असतं) ठेव म्हणजे शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत येतो ते, तू ठरवशील आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) कॅमेरा बघेल. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटो, वरची मर्यादा ३२००. आपल्या इंदूरच्या सराफ्यात (सराफ बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत) दहीवड्याचा दोना हवेत उडवतात ना, तो मी पहिल्यांदा १/६० सेकंद शटरवर काढला, दोना गायब, नुसती पांढरी रेघ! १/५०० ला दोना हवेत थांबल्यासारखा दिसतो. ग्रेन (फोटोत दाणे) येईल, येऊ दे, हललेला फोटो काही केल्या सुधरत नाही.

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ किट लेन्स ५५ वर झूम केलीस की अ‍ॅपर्चर ५.६ च्या खाली जातच नाही (आकडा लहान तितकं भोक मोठं), म्हणून १८ वर ठेव (३.५ मिळतं) आणि स्वतः दोन पावलं पुढे जा, गर्दीत धक्के खाशील ते वेगळं. पुढे पैसे जमले तर ५० एमएम १.८ लेन्स घे, ५.६ पेक्षा जवळजवळ १० पट उजेड आत येतो.

पिवळ्या बल्बांमुळे सगळंच केशरी येतं, तेव्हा रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढ, रंग घरी नीट करता येतात. आणि गराडू (तळलेला कंद) आधी खाऊन घे रे, मी दरवेळी फोटोच्या नादात गारच खातो.