मेरुद्रवात पेशी इतक्या वाढल्या, तरी जंतू का मरत नाहीत?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला नुकताच जिवाणूंमुळे होणारा मेंदूज्वर झाला होता. पाठीतून पाणी काढून तपासले तेव्हा त्यात २,६०० पांढऱ्या पेशी, त्यांपैकी ९२ टक्के न्यूट्रोफिल आणि साखर अवघी १८ असा रिपोर्ट आला. कल्चरमध्ये न्यूमोकोकस हा जंतू सापडला. मेंदूभोवतीच्या पाण्यात प्रतिकारशक्ती फारच दुबळी असते, असे डॉक्टर म्हणाले. इतक्या पेशी तेथे पोहोचल्या असताना ती दुबळी कशी? ताप चौथ्या दिवशी उतरला, तरी शिरेतून इंजेक्शने दोन आठवडे का दिली? आणि आरंभीच स्टेरॉइड का दिले? त्याने तर प्रतिकारशक्ती कमी होते ना?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : निरोगी माणसाच्या मेरुद्रवात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीच्या या पाण्यात, एका घन मिलिमीटरमध्ये पाचहून कमी पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ नसतातच, त्यामुळे २,६०० हा आकडा पाहून शरीराने जोरदार प्रतिकार केला आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पेशी तेथे पोहोचणे वेगळे आणि त्यांनी जंतू गिळून मारणे वेगळे. मेरुद्रवात अडते ते हे दुसरे काम.

न्यूमोकोकसच्या भोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचे बुळबुळीत कवच असते. त्याला नुसते धरू पाहणे म्हणजे अंगाला तेल चोपडलेल्या पहिलवानाला कवेत घेऊ पाहणे होय. रक्तात ही अडचण दोन प्रकारची प्रथिने दूर करतात : प्रतिपिंडे आणि कॉम्प्लिमेंट. ती कवचाला चिकटली की न्यूट्रोफिलला पकड मिळते. मेंदूचे रक्षण करणारा रक्त आणि मेंदू यांमधला अडसर मात्र ही मोठी प्रथिने पलीकडे फारशी जाऊच देत नाही. रक्तद्रवात आयजीजी हे प्रतिपिंड १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १,००० मिलिग्रॅम असते, तर मेरुद्रवात ते दोन-चार मिलिग्रॅमच्या घरात भरते. कॉम्प्लिमेंटचे प्रमाणही तेथे अगदी क्षीण असते. शिवाय इतर ऊतींमध्ये न्यूट्रोफिल एखाद्या पृष्ठभागाशी जंतूला दाबून प्रतिपिंडाविनाही गिळू शकतो, पण पाण्यासारख्या वाहत्या द्रवात तो आधार कोठून मिळणार?

दाह वाढला की अडसर सैल होतो आणि रक्तातील काही प्रथिने आत झिरपतात, हे खरे. परंतु ती अपुरी पडतात, आणि न्यूट्रोफिलमधूनच बाहेर पडणारी विकरे (एन्झाइम) आत आलेल्या कॉम्प्लिमेंटचे तुकडे करतात. मुळात या पेशी येतात त्याही उशिरा. तोवर एका मिलिलिटरमध्ये जंतूंची संख्या एक कोटीपर्यंत गेलेली असू शकते. म्हणून रिपोर्टमधील पेशींचा आकडा म्हणजे जंतू हरल्याची खूण नव्हे. तरी पेशी कमी असणे चांगले, असा उलटा अर्थही कोणी काढू नये : न्यूमोकोकसच्या मेंदूज्वरात जंतू भरपूर आणि पेशी मोजक्या, असे चित्र दिसले तर ते अधिक गंभीर मानतात.

प्रतिजैविके येण्यापूर्वीचे वैद्य हीच उणीव भरून काढू पाहत होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील सायमन फ्लेक्सनर यांनी घोड्यांपासून तयार केलेले, मेनिंगोकोकस या दुसऱ्या जंतूवरचे प्रतिपिंडयुक्त सीरम पाठीच्या कण्यातून थेट मेरुद्रवात सोडले. १९१३ मध्ये त्यांनी सुमारे १,३०० रुग्णांचा अहवाल दिला. त्यांत मृत्यूचे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास होते. त्याआधी या आजाराच्या साथींत बहुसंख्य रुग्ण दगावत असत.

आता तुमच्या भाच्याच्या इंजेक्शनांकडे वळू. फुप्फुसात किंवा त्वचेत जंतूंची वाढ नुसती रोखली, तरी उरलेले काम पेशी पार पाडतात. मेरुद्रवात तशी मदत मिळत नसल्यामुळे औषधानेच जंतू मारावे लागतात. १९५१ मध्ये लेपर आणि डाउलिंग यांनी न्यूमोकोकसच्या मेंदूज्वराचे रुग्ण तपासले, तेव्हा केवळ पेनिसिलिन घेणाऱ्यांत ३० टक्के दगावले, तर पेनिसिलिनच्या जोडीला ऑरिओमायसिन दिलेल्यांत ७९ टक्के. ऑरिओमायसिन वाढ रोखणारे औषध आहे, आणि पेनिसिलिन वाढत असलेल्या जंतूंनाच मारते. एकाने दुसऱ्याचे काम बिघडवले. दोन औषधे म्हणजे दुप्पट गुण, ही आपल्याकडची लाडकी समजूत येथे साफ खोटी ठरली.

ताप उतरल्यावरही पूर्ण मात्रेची इंजेक्शने चालू ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. पेनिसिलिन, सेफ्ट्रायाक्सोन यांसारखी औषधे दाहामुळे सैल झालेल्या अडसरातून अधिक प्रमाणात आत जातात. रुग्ण सुधारू लागला की तीच वाट पुन्हा अरुंद होते. त्या वेळी मात्रा घटवली किंवा गोळ्यांवर आणले, तर जंतू मारण्याइतके औषध मेरुद्रवात पोहोचेलच असे नाही. न्यूमोकोकससाठी १० ते १४ दिवसांचा उपचार त्यामुळेच रूढ आहे.

स्टेरॉइडविषयी तुमची शंका तर्काला धरून आहे. पण प्रतिजैविकाने जंतू फुटले की त्यांच्या भित्तिकेचे तुकडे एकदम मोकळे होतात, दाह उसळतो आणि मेंदूची सूज वाढते. या आजारातील बरीचशी हानी जंतूंपेक्षा या दाहामुळे होते. जंतू मारण्याचे काम औषधाकडे असल्याने दाह आवरण्यात तोटा कमी आणि लाभ अधिक संभवतो. म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड पहिल्या प्रतिजैविकाच्या किंचित आधी किंवा सोबतच देतात. युरोपातील ३०१ प्रौढ रुग्णांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यामुळे मृत्यू १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. मलावीमधील मुलांच्या आणि प्रौढांच्या चाचण्यांत मात्र तसा लाभ दिसला नाही, त्यामुळे हा निर्णय डॉक्टर रुग्ण पाहून घेतात.

न्यूमोकोकसच्या मेंदूज्वरानंतर ऐकू कमी येण्याचा धोका राहतो. मूल हाकेला ओ देते एवढ्यावर समाधान मानू नये. घरी आल्यापासून चार आठवड्यांच्या आत श्रवणचाचणी करून घ्यावी.

प्रश्न : आमच्या चाळीतील एका मुलाला मेंदूज्वर झाला आहे. आम्ही सर्व बिऱ्हाडांनी प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात काय?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : जंतू कोणता आहे यावर ते ठरते. मेनिंगोकोकस असेल, तर घरातील आणि निकट सहवासातील व्यक्तींना रिफॅम्पिसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे औषध लवकरात लवकर देतात. मजल्यावरून येता-जाता भेटणाऱ्यांना त्याची गरज नसते. न्यूमोकोकस असेल, तर सहवासातील निरोगी व्यक्तींना गोळ्या देत नाहीत. क्षयाचा मेंदूज्वर असेल, तर घरातल्यांची क्षयासाठी तपासणी करावी लागते. चाळीतील लहान मुलांची लसीकरणाची कार्डे मात्र जरूर पाहावीत : पेंटाव्हॅलंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना, तर न्यूमोकोकल लस ६ आणि १४ आठवड्यांना व नंतर नवव्या महिन्यात देतात, आणि या दोन्ही सरकारी लसीकरणात मोफत मिळतात.