आनंदाम्ल? मुळीच नाही!

नीटची तयारी करणारी लातूरची एक विद्यार्थिनी विचारते: क्लासमध्ये मेंदूत बनणाऱ्या ‘अ‍ॅनंडामाइड’ या रेणूला ‘आनंदाम्ल’ म्हणतात, ते बरोबर का? आणि रिसेप्टरला मराठीत काय म्हणावं?

साफ चूक. हा रेणू आम्ल नाही, अमाइड आहे. अरॅकिडोनिक आम्ल आणि इथेनॉलअमाइन जोडले गेले की तो होतो. पेशीतलं विकर (एन्झाइम) त्याला तोडतं तेव्हा कुठे आम्ल पुन्हा सुटं होतं. म्हणजे आनंद संपला की आम्ल! ‘आनंदाचं हार्मोन’ही नको. हार्मोन रक्तातून लांब जातं. हा स्निग्ध रेणू पेशीपटलातल्या मेदापासून गरजेपुरता बनतो, जवळपासच्या सीबी-१ या रिसेप्टरला, म्हणजे रेणू पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाला, चिकटतो आणि चेतापेशी आपली संदेशरसायनं कमी सोडते. गांजातलं नशा आणणारं टीएचसीही नेमकं तिथंच बसतं.

१९९२ साली जेरुसलेममध्ये रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेनं डुकराच्या मेंदूतून हा रेणू वेगळा केला आणि त्याला संस्कृत ‘आनंद’ दिला, हे कुणीही सांगेल. आनंद अधिक अमाइड: सवर्णदीर्घ संधी, आनंदामाइड! घरचा शब्द असून ‘अ‍ॅनंडा’ कशाला करता?

पण खरी मजा पुढच्या तुकड्यात आहे. अमाइड आला अमोनियातून आणि अमोनिया ‘अमोनच्या मिठा’तून. अमोन म्हणजे इजिप्तचा देव. त्याच्या सीवा इथल्या देवळाशी या मिठाचं नाव जोडतात. आणि ते मीठ म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, कल्हईवाला तापल्या पातेल्यात टाकतो तो नवसागर! धुराचा भपका उठतो तो त्याचाच. तैत्तिरीय उपनिषदाची आनंदवल्ली आणि इजिप्तचं देऊळ एका रेणूत.

नवसागर म्हणजे ‘नवा सागर’ असं छातीठोक सांगणारे विद्वान भेटतात. मिठाचा समुद्राशी संबंध दिसला की यांची व्युत्पत्ती तयार! शब्द फारसी ‘नौशादर’चा आहे, उर्दूत आजही तोच. माझं तर मत असं की १९४८पर्यंत निजामी अंमलात राहिलेल्या मराठवाड्यात दोन्ही रूपं बाजारात शेजारी शेजारी नांदली असणार. नौशादर जिभेला जड गेला, तेव्हा ओळखीचा ‘सागर’ त्यात येऊन बसला. संस्कृतातला याच मिठाचा शब्द ‘नरसार’ पुढे करून भांडायचं असेल तर खुशाल भांडा. ‘सागर’ मात्र त्यातूनही निघत नाही.

हां, रिसेप्टर. ‘ग्राही’ म्हणा.