युद्धाचं कारण, निमित्त की सबब?

ताई, तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. मुलाच्या निबंधात वाक्य होतं, 'संहारक शस्त्रांची सबब पुढे करून अमेरिकेने २००३ मध्ये इराकवर हल्ला केला.' सरांनी 'सबब' खोडून वर लाल पेनानं 'कारण' लिहिलं आणि बाजूला शेरा मारला की सबब हा कोर्टातला शब्द आहे. तुमचे दीर वकील, ते म्हणाले सबब म्हणजे 'म्हणून', निबंधात त्याचं काय काम. आणि मुलगा म्हणतोय माझंच बरोबर होतं.

मुलाचं बरोबर आहे. सरांनी शब्द बदलला आणि त्याच्याबरोबर वाक्याचं मतही बदलून गेलं, आणि युद्धाच्या बाबतीत हा फरक मला फार मोठा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

दीरांचं म्हणणं आधी घेऊ, कारण तेही खोटं नाही. तहसीलदाराचा एखादा निकाल हातात घेऊन शेवटचं पान बघा. अर्जदार काय म्हणतो, सामनेवाले काय म्हणतात, तलाठ्याचा अहवाल काय सांगतो हे सगळं होत होत शेवटी एक ओळ येते, 'सबब, अर्जदार यांचा अर्ज नामंजूर करणेत येत आहे.' तिथं सबब म्हणजे 'या सगळ्यामुळे', 'म्हणून'. शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेनं आपल्या दफ्तरात आला आणि त्याचा मूळ अर्थ साधं 'कारण' एवढाच. उर्दूत अजून तोच आहे आणि तिथं तो पुल्लिंगी आहे, आपल्याकडं स्त्रीलिंगी झाला, आपण 'सबब सांगितली' म्हणतो. म्हणजे कागदावर तो जुन्या अर्थानं जिवंत आहे आणि बोलण्यात मात्र पार दुसरीकडं गेलाय. 'काय बी सबब सांगू नको' हे वाक्य इथं कोल्हापुरात लहान पोरालाही कळतं आणि त्यात 'म्हणून' कुठंच नाही.

हे का झालं असेल? माझा अंदाज असा की दफ्तरात सबब नेहमी निर्णयाला चिकटून येते, कुणीतरी काहीतरी ठरवलंय आणि ते का ठरवलं हे दुसऱ्याला सांगतोय. हा 'सांगण्याचा' भाग बोलीनं उचलला. कारण असतं, सबब सांगावी लागते. आता यातली खरी गोम अशी की सबब खोटीच असते असं काही नाही. बैठकीला न आलेला माणूस तापाची सबब सांगतो तेव्हा त्याला ताप खरोखर असू शकतो, पण ताप नसता तरी तो येणार नव्हताच. एवढं एक तपासून बघायचं, की सांगितलेली गोष्ट काढून घेतली तर माणूस थांबला असता का? थांबला असता तर ते कारण, नसता थांबला तर ती सबब.

आता इराक. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत बसून उपग्रहाचे फोटो दाखवत होते, चोरून टेप केलेलं बोलणं ऐकवत होते, एक छोटी कुपी हातात धरून अँथ्रॅक्सबद्दल बोलत होते. संयुक्त राष्ट्रांच्या हान्स ब्लिक्स यांच्या शस्त्र-तपासणी पथकाला अजून वेळ हवा होता, फ्रान्स आणि जर्मनी उघड विरोधात होते. लंडनमध्ये रॉबिन कुक यांनी युद्धाला विरोध म्हणून १७ मार्चला मंत्रिपद सोडलं, दुसऱ्या दिवशी ब्रिटिश संसदेत मतदान होऊन ४१२ विरुद्ध १४९ असा कौल युद्धाच्या बाजूनं पडला, आणि २० मार्चला हल्ला सुरू झाला. पुढं अमेरिकेनंच नेमलेल्या पथकानं २००४ मध्ये अहवाल दिला की असे शस्त्रसाठे तिथं नव्हते. मग भर हळूहळू दुसऱ्या गोष्टींवर गेला, सद्दाम क्रूर होता, लोकशाही आणायची होती वगैरे. सद्दाम क्रूर होता यात शंका नाही, १९८८ ला हलब्जात त्यानं कुर्दांवर विषारी वायू सोडला होता. पण तेव्हा त्यापायी कुणी इराकवर चालून गेलं नव्हतं. पहिलं कारण गळून पडल्यावर दुसरं पुढे येतं, तेव्हा ऐकणाऱ्याच्या तोंडी 'सबब' हा शब्द आपोआप येतो.

दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण भांडण इथंच आहे. त्यांचं म्हणणं असं की शस्त्रं आहेत असं त्या वेळी अनेक देशांच्या गुप्तचर संस्थांना मनापासून वाटत होतं, सद्दामनं वर्षानुवर्षं तपासणीत अडथळे आणले होते, नोव्हेंबर २००२ चा ठराव क्रमांक १४४१ तर सुरक्षा परिषदेत १५ विरुद्ध शून्य मंजूर झाला होता. तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर पुढंही म्हणत राहिले की निर्णय प्रामाणिकपणे घेतला. या लोकांच्या दृष्टीनं ते कारणच होतं, चुकीच्या माहितीवरचं असेल पण कारण. मला स्वतःला हे पूर्ण पटत नाही. ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीनं जुलै २०१६ मध्ये स्वच्छ लिहिलं की शांततेचे मार्ग संपायच्या आधीच ब्रिटन युद्धात उतरलं आणि धोका जेवढ्या खात्रीनं लोकांपुढे मांडला तेवढी खात्री बाळगण्याला आधार नव्हता. हा कागद हाताशी असेल तर 'सबब' लिहायचा हक्क मिळतो असं माझं मत. मुलाला सांगा, शब्द ठेव पण पुढच्या वाक्यात चिलकॉटचा हवाला दे, नुसता शब्द टाकून पुढं जाऊ नको.

आणि कुठलीच बाजू न घेता लिहायचं असेल तर? सरांना बहुतेक तेच हवं होतं, पण नुसतं 'कारण' लिहून ते होत नाही. 'इराक युद्धाचं कारण संहारक शस्त्रं' असं लिहिलं की शस्त्रं होती असंच वाचणाऱ्याला वाटतं. 'शस्त्रं असल्याचं कारण देऊन' असं लिहावं. कारण 'देणं' आणि कारण 'असणं' यात मराठी कान लगेच फरक करतो. अनेकवचन तर बघाच, 'कारणं सांगू नको' म्हटलं की तिथं कारण आणि सबब एकच होऊन जातात.

'निमित्त'बद्दलही तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. त्यात सगळी गंमत क्रियापदात आहे. २८ जून १९१४ ला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी त्याला 'तात्कालिक कारण' म्हणून पाठ केलंय, पण साध्या मराठीत ते निमित्त. आता 'खून निमित्त झाला' म्हणा, दोष कुणावरच जात नाही, जणू वाळलेलं गवत होतं आणि ठिणगी पडली. 'खुनाचं निमित्त करून ऑस्ट्रियानं सर्बियाला ४८ तासांची मुदत दिली' म्हणा, दोष ऑस्ट्रियावर गेला. युद्ध संपल्यावर व्हर्सायच्या तहातल्या कलम २३१ नं जबाबदारी जर्मनीवर आणि तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली आणि त्यावरनं इतिहासकार शंभर वर्षं भांडतायत, त्या अख्ख्या भांडणाची एक बाजू 'झालं' म्हणते आणि दुसरी 'केलं' म्हणते. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात मात्र मी बिनदिक्कत 'केलं' लिहीन. ४ ऑगस्ट १९६४ ला उत्तर व्हिएतनामनं अमेरिकी जहाजांवर जो दुसरा हल्ला केला म्हणून सांगितलं गेलं तो झालाच नव्हता, आणि तरी त्याच्या जोरावर तीन दिवसांत अमेरिकी संसदेनं लष्करी कारवाईला मोकळीक देणारा ठराव केला, सिनेटमध्ये विरोधात फक्त २ मतं पडली.

घटनाच मुद्दाम घडवून आणलेली असेल तर निमित्तही पुरत नाही आणि सबबही, तिथं 'बनाव' हाच शब्द. ३१ ऑगस्ट १९३९ च्या रात्री एसएस या हिटलरच्या संघटनेच्या माणसांनी सरहद्दीजवळच्या ग्लायवित्झ या जर्मनीच्याच गावचं रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं, पोलिश भाषेत निवेदन दिलं, एक प्रेत तिथं टाकलं आणि पोलंडनंच हल्ला केला अशी बोंब मारली. दुसऱ्या दिवशी पहाटे जर्मन फौजा पोलंडमध्ये. मग १७ सप्टेंबरला पूर्वेकडनं सोव्हिएत फौजा घुसल्या, त्यांनी सांगितलं की पोलंड नावाचं राज्य आता उरलेलंच नाही आणि तिथल्या युक्रेनियन आणि बेलारूशी बांधवांचं रक्षण करायला आम्ही आलोय. इथं बनाव नव्हता, तिथं ते लोक खरोखर राहत होते. पण पोलंड वाटून घ्यायचं जर्मनीशी ऑगस्टमध्येच गुपचूप ठरलेलं होतं, म्हणून 'रक्षणाच्या सबबीखाली' असंच लिहायला पाहिजे.

आणि ही सबब लांब कुठं युरोपात राहिली नाही, ती आपल्या वळिवड्यापर्यंत येऊन पोचली. त्या पूर्व पोलंडमधनं सोव्हिएतांनी लाखो माणसं उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेली, त्यातली जी सुटली ती इराणमार्गे बाहेर पडली आणि १९४३ पासनं पाचेक हजार पोलिश लोक, बहुतेक बाया आणि पोरं, कोल्हापूरजवळ वळिवडेच्या कॅम्पात येऊन राहिले. बराकी, शाळा, चर्च, सगळं तिथं उभं राहिलं होतं. महावीर गार्डनमधला त्यांचा स्मृतिस्तंभ तुम्ही बघितला असेल. ज्यांचं 'रक्षण' झालं म्हणायचं त्या मुलखातनं निघालेली माणसं कुठनं कुठं येऊन पडली बघा. म्हणून मला राग येतो जेव्हा कुणी म्हणतं की कारण काय आणि सबब काय, सगळं एकच, शब्दांचा काथ्याकूट कशाला.

आपल्या घरातलं उदाहरणही घेऊ, नाहीतर हे सगळं परक्यांचंच वाटेल. १७०७ ला औरंगजेब मेल्यावर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतनं सुटून आले. महाराणी ताराबाईंच्या बाजूनं सांगितलं गेलं की हा खरा शाहू नव्हेच, तोतया आहे. धनाजी जाधवांची खात्री पटली की माणूस खरा आहे, ते शाहूंकडं गेले आणि खेडच्या लढाईत ताराबाईंची बाजू पडली. पण त्यामुळं भांडण मिटलं का? नाही. कारण ताराबाईंचा दुसरा मुद्दा जागच्या जागी होता, की संभाजी महाराजांनंतर राज्य गेलंच होतं, ते पुन्हा उभं केलं राजाराम महाराजांनी, आणि १७०० नंतर औरंगजेबाशी सात वर्षं झुंजून ते राखलं मी. करवीरची गादी वेगळी झाली आणि सातारा-कोल्हापूरचा वाद थेट १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत चालला. म्हणजे वरची तपासणी लावली तर 'तोतया' ही सबब आणि 'राज्य राखलं कुणी' हे कारण. हे मी कावळा नाक्यावरच्या ताराराणींच्या पुतळ्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितोय. दुसरा मुद्दा इतका भक्कम होता की पहिल्याची गरजच नव्हती असं मला वाटतं.

अजून एक शब्द तुम्ही विचारला नाही पण निबंधात तो नक्की येणार, 'समर्थन'. 'युद्धाचं समर्थन' याचे मराठीत दोन अर्थ होतात, युद्ध योग्य कसं हे पटवून देणं आणि युद्धाच्या बाजूनं उभं राहणं. यामुळं चर्चेत केवढा घोळ होतो! रशियानं २०२२ मध्ये युक्रेनमध्ये फौजा घालताना काय काय सांगितलं, नाटोचं काय, पूर्व युक्रेनमधल्या डोनबासचं काय, युद्ध न म्हणता 'विशेष लष्करी मोहीम' का म्हटलं, हे नुसतं समजावून सांगणाऱ्यालाही समोरचा म्हणतो, 'म्हणजे तुझं समर्थन आहे तर'. मी स्वतः बाजूनं असण्याला 'पाठिंबा' वापरतो आणि 'समर्थन' फक्त पटवून देण्यासाठी ठेवतो. सगळ्यांनी तसं केलं तर बरीच भांडणं वाचतील.

शेवटी शब्दावरनं संसद कशी अडते तेही सांगतो, मुलाला निबंधात उपयोगी पडेल. एप्रिल २००३ मध्ये इराकवर लोकसभेत ठराव करायचा होता, अध्यक्ष आपले मनोहर जोशी, पंतप्रधान वाजपेयी. विरोधकांना इंग्रजीतला 'कंडेम' हवा होता, सरकारला त्याहून मवाळ 'डिप्लोर'. तोडगा निघाला हिंदीतल्या 'निंदा' या शब्दावर, तो दोन्हींसाठी चालतो, आणि इंग्रजीत 'डिप्लोर' राहिला. मराठीत मात्र याचा पेच होतो. आपल्याकडं निंदा म्हटलं की निंदानालस्ती, कुणाच्या तरी माघारी वाईट बोलणं, देश देशाची तशी निंदा करत नाहीत. 'निषेध' लिहिलं तर विरोधकांना हवं होतं ते झालं, 'खेद' लिहिलं तर सरकारला हवं होतं त्याहूनही मवाळ. म्हणून मुलाला म्हणावं, 'लोकसभेने ठरावात हल्ल्याची "निंदा" केली' असं अवतरणात जसंच्या तसं ठेव आणि त्या शब्दावर एकमत व्हायला का वेळ लागला ते पुढच्या ओळीत लिही.