राजीनाम्याच्या मेलआधी

पत्र: मी २६ वर्षांची. ऐरोलीत आईबाबांसोबत भाड्याच्या घरात राहते. महापेच्या एका कंपनीत ३ वर्षं ८ महिने विम्याचे क्लेम तपासते, बहुतेक नाइट शिफ्टला. त्याआधी दीड वर्ष दुसरीकडे होते. एचआरने महिनाअखेर ‘स्वतःहून’ राजीनामा द्यायला सांगितलंय. ठाण्यातला एक क्लास १,६०,००० रुपयांत डेटा सायन्स शिकवून ‘जॉब गॅरंटी’ देतो, फी हप्त्यांत भरता येते. पीएफ काढून तो लावू का? बाबांना मधुमेह आहे, त्यांचा मेडिक्लेम कंपनीचाच. घरी अजून काही सांगितलेलं नाही. झोप लागत नाही.

उत्तर: राजीनामा देणं, पीएफ काढणं आणि क्लासच्या हप्त्यांसाठी कर्ज घेणं या तिन्ही गोष्टी एकदा केल्या की मागे घेणं अवघड असतं, आणि तुम्ही त्या एकाच महिन्यात करायला निघाला आहात. आधी कागद, मग पैसे, क्लास सगळ्यात शेवटी, हा क्रम मोडू नका.

‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहून राजीनामा दिलात की कागदोपत्री नोकरी तुम्ही सोडली, असं होतं. मग नोटीस पिरियडचा पगार मागायला आधार उरत नाही. छाटणी असेल तर, कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ म्हणून बसणाऱ्यांना पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई मिळते. तुमचं पद त्यात बसतं का, हे कामगार कायद्याच्या वकिलाला विचारा. त्याआधी एचआरला साधी, सभ्य मेल करा: ‘अमुक तारखेच्या बैठकीत मला राजीनामा द्यायला सांगितलं. कारण, नोटीसचा पगार, रजेचे पैसे आणि रिलीव्हिंग लेटरची तारीख कृपया लेखी कळवावी.’ तोंडी बोलणाऱ्यांची भाषा लेखी उत्तर देताना बरीच बदलते. त्याच दिवशी ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि अप्रेझलची पत्रं स्वतःच्या मेलवर घ्या. लॉगिन बंद झालं की एकेका कागदासाठी हेलपाटे पडतात. क्लेमच्या फायलींना मात्र हात लावू नका, तो ग्राहकांचा डेटा आहे.

मेडिक्लेमचं काम नोकरीत असतानाच करा. ग्रुप पॉलिसी साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशी संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे आत्ताच विचारा, कारण तसं झालं तर आतापर्यंतची वर्षं मोजली जातात. कोरी पॉलिसी घेतली तर बाबांच्या मधुमेहासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. क्लेम तपासणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पीएफ काढू नका, एकत्र करा. सलग ५ वर्षं व्हायच्या आत काढलेली रक्कम करपात्र ठरते, आणि ती ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर पॅन दिलेला असूनही १० टक्के टीडीएस, म्हणजे हातात पैसे येण्याआधीच कर, कापतात. तुमची आधीची दीड वर्षं आणि ही ३ वर्षं ८ महिने मिळून ५ वर्षं २ महिने होतात. पण आधीचं खातं याच यूएएनमध्ये (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकात) ट्रान्सफर झालेलं असेल तरच ती वर्षं धरली जातात. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडा आणि दोन्ही कंपन्या दिसतात का, पहिल्या कंपनीची ‘डेट ऑफ एक्झिट’ भरली आहे का ते बघा. बहुतेकांचं ट्रान्सफर तिथेच अडकतं.

आता क्लास. ‘हप्ते’ म्हणजे बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज. क्लासला फी एकरकमी मिळून जाते. शिकवणं पटलं नाही किंवा क्लास बंद पडला तरी हप्ता तुमच्या खात्यातून जातच राहतो. चुकला तर बाउन्सचा दंड लागतो आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बिघडतो. घरभाडं १८,००० आणि किराणा, लाइटबिल, औषधं मिळून १७,००० असा महिना ३५,००० चा धरला आणि हाताशी २,१०,००० असले, तर सहा महिने निभावतात. त्यात १,६०,००० चे बारा हप्ते पाडले तर येणारा १३,३३३ चा हप्ता घाला, तेच पैसे चार महिने आणि काही दिवसांत संपतात. आकडे तुमचे घाला, गणित हेच राहील. सही केलीच असेल तर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये, म्हणजे कर्जाच्या अटींच्या कागदात, कूलिंग-ऑफची (विचार बदलण्याची) मुदत पाहा. तेवढ्या दिवसांत कर्ज परत करून बाहेर पडता येतं.

माझं मत स्पष्ट आहे: क्लेमचा इतक्या वर्षांचा अनुभव टाकून डेटा सायन्समध्ये फ्रेशर होऊ नका. एक्सेलमध्ये पिव्होट आणि एक्सलुकअप, मग एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा), मग पॉवर बीआय (आकड्यांचे तक्ते आणि रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर), एवढं रोज दीड तास तीन महिने करा. ‘स्वयम’ या सरकारी पोर्टलवर कोर्स मोफत शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच फी असते. सोबत विमा कंपन्या आणि टीपीएमध्ये (विमा कंपन्यांचे क्लेम हाताळणाऱ्या संस्थांमध्ये) क्लेम ॲनालिस्ट, एमआयएस (आकड्यांचे रिपोर्ट बनवणारा) एक्झिक्युटिव्ह अशा जागांसाठी अर्ज करा. लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा रजिस्ट्रेशनचे पैसे मागणारी नोकरी खोटी समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

झोपेसाठी उठण्याची वेळ एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. दोन आठवड्यांत फरक पडला नाही किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं. विचार फारच दाटून आले तर दोन आठवड्यांची वाट बघू नका.

आणि घरी या आठवड्यात सांगा. बाबांना आधी खर्चाचा कागद दाखवा, मग मेडिक्लेमचा विषय काढा. नव्या पॉलिसीच्या अर्जात त्यांच्या आजाराची माहिती आणि रिपोर्ट खरे द्यावे लागतील, ते त्यांना अंधारात ठेवून जमणार नाही.